ऑनलाइन पब्लिक हेल्थची बॅचलर डिग्री, अमेरिकेत कोणी केलीय का?

मनवा_ओहायो

नमस्कार मंडळी, दोन वर्षं नुसतं वाचतेय इथे, पहिल्यांदाच धागा काढतेय त्यामुळे चुकीच्या विभागात पडला असेल तर ॲडमिननी हलवावा.

मी मूळची नगर जिल्ह्यातली. बी.एस्सी. झूलॉजी, एफवाय आणि एसवाय झालं, मग लग्न ठरलं आणि टीवाय राहिलं ते राहिलंच. मुलगा दोन वर्षांचा असताना इकडे आलो, आता तो आठवीत आहे. मी एच-फोरवर, म्हणजे नवऱ्याच्या व्हिसावर अवलंबून असलेल्या व्हिसावर, पण ईएडी (कामाची परवानगी) आहे, एका फार्मसीच्या काउंटरवर पार्ट टाइम काम करते.

डोक्यात हे खूळ शिरलं कोविडमध्ये. आमच्या देवळात लसीकरणाचा कँप होता, मी आजी-आजोबांचे फॉर्म भरून द्यायला गेले होते. तिथे काउंटीकडून (काउंटी म्हणजे इथला जिल्हा) आलेली एक बाई क्लिपबोर्ड घेऊन फिरत होती, ना डॉक्टर ना नर्स, पण रांग कुठे वळवायची, लसीचा बॉक्स कधी उघडायचा, कुणाला पंधरा मिनिटांऐवजी अर्धा तास बसवायचं, सगळं तिच्या हातात. मी विचारलं तुम्ही शिकलात काय, तर म्हणाली पब्लिक हेल्थ, म्हणजे सार्वजनिक आरोग्य. त्यानंतर मी कोर्सेरावरचा जॉन्स हॉपकिन्सचा तो फुकटचा काँटॅक्ट ट्रेसिंगचा (रुग्णाच्या संपर्कातली माणसं शोधण्याचा) कोर्स पण केला, मजा आली.

तर आता ऑनलाइन बॅचलर्स करावं असं वाटतंय. नोकरी आणि मुलाचं पोहणं सांभाळून कॉलेजात जाऊन बसणं शक्य नाही. पण ऑनलाइन डिग्रीला इथे कुत्रं विचारतं का? एसवायपर्यंतचं काही धरतात का? गणित किती असतं? नवरा म्हणतो एवढं करायचंच तर नर्सिंग कर, निदान नोकरी पक्की. सासूबाईंनी फोनवर विचारलं, "म्हणजे तू डॉक्टर होणार का?" नाही म्हटलं. "मग नर्स?" नाही. "मग नक्की काय होणार?" आणि मला उत्तरच देता आलं नाही. वय ३८. झोडपा, पण जरा बेतानं.

चिंचगुळाची_आमटी

मनवा, मी केलीय, पूर्ण ऑनलाइन, चार वर्षांची डिग्री साडेपाच वर्षांत, मध्ये एक बाळंतपण. आता टेक्सासमध्ये एका काउंटीत साथरोग विभागात आहे, म्हणजे कुणाला साल्मोनेला झाला की त्याला फोन करून "गेल्या आठवड्यात काय काय खाल्लंत" विचारणारी बाई. सासूबाईंना हे सांगून बघ, माझ्या सासूबाई म्हणाल्या होत्या हे तर मी फुकटात करते.

ऑनलाइन आहे म्हणून कुणी विचारलेलं नाही मला, आणि माझ्या सर्टिफिकेटवर तसं लिहिलेलंही नाही. विचारतात ते ॲक्रेडिटेशनचं, म्हणजे मान्यतेचं. ते दोन ठिकाणी बघायचं, एक विद्यापीठाचं स्वतःचं, आणि दुसरं पब्लिक हेल्थचं वेगळं, सीईपीएच नावाची संस्था देते ते. इथे एक मेख आहे जी मला ॲडव्हायजरने सांगितली नव्हती. विद्यापीठाच्या पानावर मोठ्या अक्षरात सीईपीएच लिहिलेलं असतं पण ते कधी कधी त्यांच्या एमपीएचला (पब्लिक हेल्थच्या मास्टर्सला) असतं, बॅचलर्स त्यात धरलेलं असेलच असं नाही. म्हणून सीईपीएचच्या साइटवर जाऊन त्यांच्या यादीत आपल्या डिग्रीचं नाव दिसतंय का ते आपल्या डोळ्यांनी बघ. आणि "हेल्थ सायन्स", "हेल्थ ॲडमिनिस्ट्रेशन", "पब्लिक हेल्थ" ही तिन्ही एकाच दुकानात शेजारी शेजारी ठेवलेली असतात, पण माल वेगळा आहे. ॲडमिनिस्ट्रेशनवाल्यांना हॉस्पिटलचं बिलिंग न् बजेट, आपल्याला एपिडेमिऑलॉजी (साथरोगशास्त्र), बायोस्टॅटिस्टिक्स (आरोग्याची आकडेवारी), पर्यावरण, धोरण आणि माणसं अशी का वागतात तो एक विषय.

गणिताचं म्हणशील तर कॅल्क्युलस लागलं नाही मला. कॉलेज ॲलजिब्रा आणि स्टॅट्स. आणि स्टॅट्स पण घाबरण्यासारखं नाही, त्याला गोष्ट जोडलेली असते. आम्हाला पहिल्या एपिडेमिऑलॉजीच्या कोर्सला ऑस्वेगोची केस होती, जगभर शिकवतात ती. न्यूयॉर्क राज्यातल्या ऑस्वेगो काउंटीतलं एक गाव, १९४० चा एप्रिल, चर्चमध्ये सामुदायिक जेवण, आणि रात्रीपासून लोकांना उलट्या. ७५ जणांच्या मुलाखती घेतल्या, ४६ आजारी. आता जेवणात हॅम, पालक, कोबीचं सॅलड, केक, कॉफी असलं डझनभर काय काय, दोषी कोण? मग तू प्रत्येक पदार्थाची चौकट मांडत बसतेस, खाल्लेले किती त्यातले आजारी किती, न खाल्लेले किती त्यातले आजारी किती. व्हॅनिला आइस्क्रीम खाल्लेल्या ५४ पैकी ४३ आजारी, न खाल्लेल्या २१ पैकी फक्त ३. झालं, सापडला चोर! मी ते रात्री साडेअकराला ओट्यापाशी उभी राहून सोडवलं आणि नवऱ्याला उठवून दाखवलं. पंगतीत बासुंदी बाधली की मठ्ठा, यावरून आपल्याकडे जे आठवडाभर चालतं तेच हे, फक्त चौकटीत.

एसवायचे क्रेडिट (डिग्रीसाठी मोजतात ते अभ्यासाचे एकक) मिळतात, पण डब्ल्यूईएस किंवा परदेशी मार्कशीट तपासणाऱ्या तसल्या दुसऱ्या संस्थेकडून विषयवार इव्हॅल्युएशन करून घ्यावं लागतं. आणि ट्रान्स्क्रिप्ट (अधिकृत गुणपत्रक) विद्यापीठातून थेट त्यांच्याकडे जावं लागतं. माझ्या विद्यापीठाचं नाव घेत नाही, पण तिथल्या खिडकीवर माझ्या भावाने सात चकरा मारल्या, शेवटी पेढे नेल्यावर हललं. त्यामुळे आधी ते काम लाव, बाकी नंतर.

सडेतोड_सदा

मी जरा पाणी ओततो, राग मानू नका ताई.

पब्लिक हेल्थची नोकरी सरकारी पैशावर चालते आणि सरकारी पैसा हा पावसासारखा आहे. कोविडमध्ये धो धो आला, दिसेल त्याला घेतलं. २०२५ च्या मार्चमध्ये फेडरल सरकारने राज्यांच्या आरोग्य खात्यांना दिलेले ११ अब्ज डॉलरहून जास्तीचे कोविडकाळातले ग्रँट मागे घ्यायला काढले, आठवड्याभरात फेडरल आरोग्य खात्यातल्या दहा हजार लोकांना नारळ देण्याची घोषणा, त्यात सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेचे हजारोंनी. कोर्टकचेऱ्या झाल्या, काहींना परत बोलावलं, पण त्या सगळ्या अनुभवी लोकांनी त्याच जागांना अर्ज टाकले ज्या नव्या बॅचलर्सवाल्याला मिळायच्या. माझी बायको एमपीएच आहे, ग्रँटवरची नोकरी गेली, आता एका इन्शुरन्स कंपनीत डेटा बघते आणि पगार जास्त आहे हा भाग वेगळा.

दुसरं म्हणजे खर्च. समजा क्रेडिटला ४०० डॉलर, डिग्री १२० क्रेडिटची, झाले ४८,००० डॉलर, वर टेक्नॉलॉजी फी, पुस्तकं. एच-फोरवर फेडरल मदत मिळत नाही. आणि त्या राज्यात राहता म्हणून कमी फी लावतील की नाही हे राज्याराज्यावर, विद्यापीठावर आहे, आधी विचारा.

नर्सिंगबद्दल तुमचे मिस्टर चूक नाहीत. पण ते घरबसल्या होत नाही, क्लिनिकल्सना (हॉस्पिटलमधल्या प्रॅक्टिकलना) पहाटे साडेसहाला हजर व्हावं लागतं, तेव्हा तुमच्या मुलाच्या पोहण्याचं काय ते आधी ठरवा.

चिंचगुळाची_आमटी

सदाभाऊ, ग्रँटचं खरंय, आमच्याकडेही तीन खुर्च्या रिकाम्या आहेत. पण सगळ्या नोकऱ्या ग्रँटवर नसतात हे तुम्ही सोडलंत. मनवा हे नीट वाच कारण तुझ्या झूलॉजीला इथे भाव आहे. काउंटीत पर्यावरण आरोग्य म्हणून एक विभाग असतो, हॉटेलांची तपासणी, विहिरी, सेप्टिक टँक, पोहण्याचे तलाव, शाळांची किचन्स. त्यांचा बराचसा पैसा हॉटेलवाल्यांच्या लायसन्स फीमधून येतो, वॉशिंग्टनमध्ये कोण बसलंय त्याच्याशी कमी संबंध. त्या इन्स्पेक्टरला रजिस्ट्रेशन लागतं, आणि त्यासाठी बहुतेक ठिकाणी डिग्रीमध्ये सायन्सचे ३० वगैरे क्रेडिट मागतात. आता गंमत बघ, ऑनलाइन पब्लिक हेल्थ केलेल्या कितीतरी मुलामुलींना तेवढं केमिस्ट्री-बायॉलॉजी नसतंच, कारण लॅब टाळायला तर ते ऑनलाइनला आलेले असतात. तुझ्याकडे दोन वर्षांचं झूलॉजी, बॉटनी, केमिस्ट्री पडलेलं आहे, लॅबसकट! त्या बेडूक चिरलेल्या वह्या वाया नाही गेल्या.

म्हणून मी म्हणते कॉलेजची माहितीपत्रकं नंतर बघ. आधी तुमच्या आणि आजूबाजूच्या काउंट्यांच्या जाहिराती काढ, पाच-सहा, आणि त्यात काय मागितलंय ते खुणा करत वाच. हेल्थ एज्युकेटरच्या जागेला सीएचईएस नावाची परीक्षा मागतात, तिला बसायला आरोग्य शिक्षणाचे २५ क्रेडिट डिग्रीत असावे लागतात, सगळ्या डिग्र्यांत ते आपोआप होत नाहीत. इन्स्पेक्टरला सायन्स. माझ्यासारख्या साथवालीला स्टॅट्स आणि थोडं प्रोग्रॅमिंग. डिग्री एकच पण आतले विषय कुठले घेतले यावर तू कुठल्या खुर्चीत बसणार ते ठरतं, आणि हे तिसऱ्या वर्षी कळून उपयोग नाही, मला तिसऱ्या वर्षी कळलं.

रविवारची_झोप

मी सध्या करतेय, सहा कोर्स राहिलेत. वरचं सगळं बरोबर, मी फक्त रोजचं सांगते.

ऑनलाइन म्हणजे आपल्या वेळेने, हे अर्धसत्य आहे. लेक्चर कधीही ऐका, पण दर बुधवारी रात्री डिस्कशन बोर्डवर पोस्ट आणि रविवारपर्यंत दोघांना उत्तर, ते चुकलं की मार्क गेले. आणि ती उत्तरं "ग्रेट पोस्ट जेसिका" छाप चालत नाहीत, संदर्भ द्यावे लागतात. परीक्षेला कॅमेरा चालू, आधी लॅपटॉप फिरवून सगळी खोली दाखवायची, टेबलाखालचं पण. स्टॅट्सच्या मिडटर्मला माझ्या कुकरच्या शिट्ट्या झाल्या आणि त्या बाईने परीक्षा थांबवून विचारलं घरात अलार्म वाजतोय का. डाळ आहे म्हटलं.

खरा कस लागतो इंटर्नशिपला. सगळी डिग्री लॅपटॉपवर होते पण ते तास बाहेर जाऊनच भरायचे. माझ्या विद्यापीठाने २०० तास मागितले आणि जागा तुम्हीच शोधा म्हणाले. मी सतरा ईमेल टाकले, दोन उत्तरं आली, शेवटी एका फूड पँट्रीत (गरजूंना फुकट धान्य देतात तिथे) मिळालं, तिथे डायबेटिस असलेल्यांसाठी वेगळी पिशवी करायचा प्रकल्प केला. फार शिकले खरं तर, पांढरा तांदूळ काढून टाकला तर लोक पिशवीच घेत नाहीत, मग निम्मा ब्राउन निम्मा पांढरा, तेव्हा कुठे. मनवा, तू देवळातल्या कँपची ओळख धरून ठेव, त्या क्लिपबोर्डवालीला आजच ईमेल कर, इंटर्नशिप आतापासून पेरून ठेवायची असते.

आणि तू नगरची ना? मग तुला एक दाखवते. आम्हाला ग्लोबल हेल्थच्या कोर्सला कम्युनिटी हेल्थचा आठवडा होता, रीडिंग उघडलं तर जामखेड! आपलं जामखेड! डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे, दोघांनी जॉन्स हॉपकिन्सला एमपीएच केलं आणि परत येऊन १९७० मध्ये तिथे काम सुरू केलं. गावातल्याच बायका निवडल्या, पुष्कळशा शाळेची पायरी न चढलेल्या, त्यांना शिकवून आरोग्यसेविका केलं, बाळंतपण, पोरांची वजनं, स्वच्छ पाणी, कुष्ठरोग सगळं त्यांच्या हाती. १९७९ ला दोघांना मॅगसेसे मिळालं. जेसिका, टायलर सगळे त्यावर पोस्टी लिहीत होते आणि ते जॅमकेड जॅमकेड वाचून मी एकटीच हसत बसले होते.

मनवा_ओहायो

रविवारची_झोप, अगं माझं माहेर जामखेडपासून तासाभरावर! आमच्या आत्याच्या पायाचं ऑपरेशन त्याच दवाखान्यात झालंय, आणि मला हे आज ओहायोत बसून कळतंय की ते पुस्तकात आहे. आम्ही त्याला नुसतं आरोळ्यांचा दवाखाना म्हणायचो.

आमटी ताई, जाहिराती काढल्या रात्री. चार काउंट्यांच्या. तीन इन्स्पेक्टरच्या निघाल्या आणि एक हेल्थ एज्युकेटर. इन्स्पेक्टरमध्ये तुम्ही म्हणता तसंच, सायन्सचे क्रेडिट. मी हॉटेलच्या किचनमध्ये जाऊन फ्रिजचं तापमान बघायचा विचार आयुष्यात केला नव्हता पण आता सकाळपासून स्वतःच्याच फ्रिजकडे संशयाने बघतेय.

सदा, राग नाही. बायकोचं वाचून वाईट वाटलं. खर्चाचा आकडा बघून मलाही घाम फुटला.

सडेतोड_सदा

तिचं बरं चाललंय, काळजी नको. आणि आकडा कमी करता येतो, मी नुसता घाबरवून पळणारा नाही. इंग्लिश कॉम्पोझिशन, सायकॉलॉजी, इतिहास असले जनरल विषय जवळच्या कम्युनिटी कॉलेजमधून करा, तेही ऑनलाइन असतात आणि फी बरीच कमी. मात्र घेण्याआधी पुढच्या विद्यापीठाकडून ईमेलवर लिहून घ्या की हा कोर्स आम्ही अमुक कोर्सच्या जागी धरू. तोंडी नाही. बहुतेक ठिकाणी शेवटचे निदान ३० क्रेडिट त्यांच्याकडेच करावे लागतात, म्हणजे बाकी ९० मध्ये खेळायला जागा आहे.

एक राहिलं. तुमचं टीवाय झालं असतं तर मी म्हटलं असतं बॅचलर्स करूच नका, भारतातल्या तीन वर्षांच्या डिग्रीला डब्ल्यूईएस कॉलेजचं नॅक ग्रेडिंग (भारतातलं कॉलेजांचं मूल्यांकन) चांगलं असेल तर इथल्या बॅचलर्सच्या बरोबरीचं धरतं, थेट एमपीएच. वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी लिहून ठेवतो, कारण बी.कॉम. झालेल्या दोन बायकांना मी पुन्हा पहिलीपासून बॅचलर्स करताना पाहिलंय.

तळकोकणी_बाप्या

धागा अमेरिकेचा आहे पण घुसतो. मी सिंधुदुर्गात आरोग्यसेवक, म्हणजे तुमच्या भाषेत एमपीडब्ल्यू, प्राथमिक आरोग्य केंद्रात. तुम्ही जे कॅमेऱ्यासमोर बसून शिकताय ते आम्ही चप्पल झिजवून करतो. विहिरीत टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकणे, पाण्यात क्लोरीन आहे का बघायची ओटी टेस्ट, डासांच्या अळ्या शोधायला कंटेनर सर्वे, कोरडा दिवस पाळा, म्हणजे आठवड्यातून एकदा पाण्याची भांडी रिकामी करून सुकवा म्हणून घरोघर सांगणे, गप्पी मासे सोडणे, पावसाळ्यात लेप्टोच्या (लेप्टोस्पायरोसिसच्या) गोळ्या घेऊन भातशेताच्या बांधावर. दोडामार्गात २०१६ ला माकडताप आला तेव्हा मेलेलं माकड दिसलं की कळवा हे सांगत फिरलोय, अंगाला गोचीड लागू नये म्हणून तेल चोपडून. पण हे काम करण्याचं कारण काय, आकडे वर गेल्यावर त्याचं काय होतं, हे आम्हाला कोणी सांगत नाही, फक्त रिपोर्ट मागतात, तोही काल.

मला फोनवर रोज जाहिरात दिसते, घरबसल्या हेल्थमध्ये ऑनलाइन डिग्री, नोकरीची हमी. बारावी सायन्स आहे. करू का?

पेठेतला_पुणेकर

भाऊ, थांबा. पैसे भरू नका अजून.

भारतात ऑनलाइन किंवा डिस्टन्स डिग्रीला यूजीसीची (विद्यापीठ अनुदान आयोगाची) परवानगी लागते, तीसुद्धा विद्यापीठाला सरसकट नाही, कोर्सनिहाय. यूजीसीच्या डिस्टन्स एज्युकेशन ब्युरोच्या साइटवर यादी असते, त्यात त्या वर्षासाठी तो कोर्स आहे का बघा. प्रवेश घेताना त्याच ब्युरोचा तुमचा स्वतःचा डीईबी आयडी काढावा लागतो, जो एजंट म्हणतो त्याची गरज नाही त्याला चहा पाजून घालवा. शिवाय २०२५ च्या जुलै-ऑगस्टच्या सत्रापासून यूजीसीने अलाइड हेल्थ कायद्याखाली येणारे कोर्स ऑनलाइन आणि डिस्टन्सने द्यायला बंदी केली आहे, सायकॉलॉजी, मायक्रोबायॉलॉजी, न्यूट्रिशन, डायटेटिक्स सगळी त्यात गेली. नर्सिंग, फिजिओ तर आधीच नव्हतं. त्यामुळे नावात हेल्थ असलेली जुनी जाहिरात अजून फिरत असेल तर डबल सावध. आणि "नोकरीची हमी" हे शब्द दिसले की पान बंद करायचं, हा माझा पेठी नियम.

तुमच्यासाठी व्यवहाराचं सांगतो. आपल्याकडे पब्लिक हेल्थ नीट शिकवतात ते एमपीएचला, मुंबईत टिसला (टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत) आहे, इतर ठिकाणीही आहे. त्याला आधी पदवी लागते, आणि प्रत्येक ठिकाणी कुठल्या शाखेची चालते ते वेगळं. तेव्हा नोकरी सांभाळून मुक्त विद्यापीठातून साधी मान्यताप्राप्त पदवी पूर्ण करा. तिचा बढतीसाठी उपयोग होतो का हे जाहिरातीवाल्याला नाही, तुमच्या जिल्हा परिषदेच्या आस्थापनेत विचारा, सेवाप्रवेश नियम दाखवा म्हणावं. आणि परदेशी ऑनलाइन डिग्रीच्या फंदात तर पडूच नका, ती इथल्या सरकारी भरतीत समकक्ष धरून घेताना केस पांढरे होतील.

चिंचगुळाची_आमटी

बाप्या दादा, तुमची पोस्ट दोनदा वाचली. ओटी टेस्टचे आणि तापाच्या रुग्णांचे आकडे तुम्ही वर पाठवता ना, त्याची एक प्रत स्वतःच्या वहीत ठेवत जा, गाव, वाडी, तारीख. तीन पावसाळ्यांची वही झाली की कुठल्या वाडीत कधी वाढतं ते तुम्हालाच दिसायला लागेल, रुग्णांची नावं मात्र लिहायची नाहीत. माझ्या वर्गात स्पॉट मॅप (कुठल्या घरी रुग्ण ते ठिपक्यांनी दाखवणारा नकाशा) कसा काढायचा यावर दोन आठवडे घालवले आणि आमच्यातल्या एकानेही विहीर पाहिलेली नव्हती.

तळकोकणी_बाप्या

वही आहे ताई, २०१९ पासूनची. मीटिंगमध्ये साहेब आकडा विचारतात तेव्हा उपयोगी पडते म्हणून ठेवली होती. आता वाडीवार मांडून बघतो.

पुणेकर, धन्यवाद, पाच हजार ॲडव्हान्स मागत होते उद्यापर्यंत, नंबर ब्लॉक केला.

मनवा_ओहायो

शेवटचं अपडेट देते, मग धागा सोडते बाप्या दादांच्या ताब्यात.

क्लिपबोर्डवालीला ईमेल केला, तिला मी आठवत होते! म्हणाली पुढच्या महिन्यात ये, एक दिवस इन्स्पेक्टरबरोबर फिरून बघ, मग ठरव. ट्रान्स्क्रिप्टसाठी धाकट्या दिराला कामाला लावलंय, पेढ्यांचे पैसे पण पाठवलेत. उन्हाळ्यात कम्युनिटी कॉलेजमध्ये एकच कोर्स घेणार, कॉलेज ॲलजिब्रा, त्याच्या आधी प्लेसमेंट टेस्ट आहे. नवऱ्याला सांगितलं तर म्हणाला बरं, पण आता हॉटेलात जेवायला गेलो की तू किचनमध्ये नाही जायचं.

मुलगा मला लिनियर इक्वेशन शिकवतोय सध्या. काल चुकले तर म्हणाला आई, लक्ष दे, हे मी एकदाच सांगणार आहे. हुबेहूब माझा आवाज.